सही आहे, माणूस सापडत नाही

बेटा,

फोटो मिळाले. धानाच्या पोत्यांआड इतकी वर्षं उभी असलेली ती नाचणाऱ्या बाईची मूर्ती पाहून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

पण आधी आजीला आवर. "किती काळी पडून राहिली ही, चिंच लावून घासून टाक," असं त्या म्हणाल्या ना? ब्राँझवरची ती तपकिरी झाक म्हणजे मळ नाही. ती मुद्दाम चढवलेली असते, गेली की गेली. आणि मूर्ती पत्र्याच्या खोलीतून हलव. आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस तडकतो, तिथं तिच्यातल्या त्या पांढऱ्या हस्तिदंताचं (असलाच तर) काय!

आता नावाचं. मूर्तीच्या बैठकीवर एक नाव दिसलं आणि तू लगेच 'हा शिल्पकार कोण' म्हणून शोधायला बसलीस. सातबारा पाहिलेल्या घरातली तू. उताऱ्यावर नाव एकाचं असतं आणि मक्त्यानं जमीन वाहतो दुसराच. १९२०-३०च्या काळात पॅरिस, बर्लिन, व्हिएन्नात असल्या मूर्तींचा धंदा होता. शिल्पकार नमुना करायचा. प्रकाशक (हो, पुस्तकांसारखे मूर्तींचेही प्रकाशक असत) त्या नमुन्याच्या प्रती काढून विकायचा. ओतकाम तिसऱ्याकडं, आणि चेहरा-हात हस्तिदंतात कोरणारे कारागीर बहुधा आणखी वेगळे. त्यांची नावं क्वचितच कुठं लागली. बर्लिनच्या प्राइस आणि कासलर यांच्या कारखान्यातल्या मूर्तींवर नुसता 'पीके' असा शिक्काही सापडतो.

शिवाय नाव खरंच असेल असंही नाही. पिएर ल फागे हा शिल्पकार 'फायराल' म्हणूनही सही करायचा. आणि व्हिएन्नाच्या बर्गमानच्या कारखान्यातून ज्या चावट मूर्ती निघायच्या, त्यांच्यावर 'नाम ग्रेब' असायचं. या ग्रेबसाहेबांच्या जन्मगावासाठी मी अख्खा पावसाळा घालवला. शेवटी कंटाळून रोमन अक्षरं मागून पुढं वाचली, तर समोर बर्गमान! बायकोनं महिनाभर मला ग्रेबसाहेब म्हणूनच हाक मारली.

म्हणून अक्षरं आधी नीट पकड. सहीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलकेच फिरव. मग अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो काढ, समोरून नको. ओतण्याआधीच नमुन्यात असलेल्या सहीच्या कडा मऊ दिसतात. नंतर कोणी छिन्नीनं घातलेली असेल तर कडा धारदार असतात. शिपारुस या त्या काळच्या नावाजलेल्या शिल्पकाराच्या नावावर तर आजही ढीगभर नकला विकल्या जातात.

अक्षरं पक्की झाली की पॅरिसच्या सलोन प्रदर्शनांच्या जुन्या सूची बघ. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं बऱ्याच ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्यांत कलावंताच्या नावापुढं जन्मगाव आणि गुरूचं नाव असतं. गाव फ्रान्समधलं निघालं तर जन्मनोंदींची जुनी पुस्तकंही ऑनलाइन मिळतात, आणि समासात पुष्कळदा लग्न, कधी मृत्यूही टिपलेला असतो. शिल्पकार बाई असेल तर लग्नानंतरचं नाव तिथंच हाती लागतं. फ्रेंच येत नाही म्हणून घाबरू नकोस. सगळा खेळ पंधरा-वीस शब्दांचा आहे.

तो पांढरा भाग हस्तिदंतच आहे का, तेही बघायचं राहिलं. जिथं आडवा काप दिसतो तिथं भिंग लाव. तट्ट्याच्या विणीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर हस्तिदंत, बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. तापलेली सुई टोचून पाहा असं कोणी सांगेल. ऐकू नकोस. सेल्युलॉइड असलं तर पेटेल.

हस्तिदंत निघाला तर मामांना स्पष्ट सांग, विकायचं नाव काढायचं नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर बाहेरून आलेला आफ्रिकी हस्तिदंतही त्यात येतो. मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का शोधा. नसेल तर लपवू नका, वनविभागाकडं स्वतःहून जा.

मूर्ती वाड्यात आली कशी, हे मात्र पॅरिसला कळणार नाही. १९५१ला मालगुजारी गेली, त्याआधीच्या बह्या माळ्यावर असतील. आहेराच्या याद्याही बघ. बैठकीच्या पोटाखाली दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असली तर ओली करू नकोस, तशीच फोटोत घे. आणि आजोबांच्या लग्नाचा तो ओसरीतला फोटो आहे ना, त्यात नवरीच्या मागं टेबलावर काही पांढरं दिसतं का, तेवढं आजच बघून कळव.

तुझा,
काका