पाइन कोणी मारले : भुंगेऱ्याने की दुष्काळाने?

प्रश्न : कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात २०१२ ते २०१६ या दुष्काळी वर्षांत पाइनची कोट्यवधी झाडे वाळली. त्याचे खापर सालीखाली राहणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंगेऱ्यावर फोडले जाते. झाडे खरोखर किड्याने मेली की पाण्यावाचून? आणि फवारणी करून ती वाचवता आली नसती का? – एक वाचक

उत्तर : बहुतेक झाडांच्या बाबतीत शेवटचा घाव भुंगेऱ्याचाच होता, पण तो वर्मी बसला, याला कारण दुष्काळ आहे. पाइनचे संरक्षण राळ करते. निरोगी झाडाच्या सालीला भोक पडले की दाबाखाली असलेली राळ उसळून बाहेर येते आणि किड्याला ढकलून देते किंवा बुडवून टाकते. अशा झाडाच्या खोडावर मक्याच्या लाहीएवढे फिकट गोळे चिकटलेले दिसतात आणि त्यांतल्या काहींमध्ये मेलेला भुंगेराही सापडतो. मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते, त्यामुळे अन्न तयार होणे मंदावते आणि राळेचे प्रमाण व दाब दोन्ही घटतात. राळेच्या गोळ्यांऐवजी सालीच्या खाचांत आणि बुंध्याशी नुसता कोरडा, तांबूस भुसा साचलेला दिसला, तर ते झाड लढाई हरत आले आहे असे समजावे.

एकटा भुंगेरा मोठ्या झाडाचे फारसे काही बिघडवू शकत नाही. मात्र आत शिरलेला किडा गंध सोडतो, त्या गंधावर इतर भुंगेरे येतात आणि थोड्याच दिवसांत एका खोडावर शेकडोंनी हल्ला होतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या ज्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते, तोच थर माद्या अंडी घालण्यासाठी पोखरतात आणि पुढे अळ्या कुरतडतात. भुंगेऱ्यांच्या अनेक जाती सोबत बुरशीही आणतात. ती लाकडात पसरून त्याला निळसर करते आणि वर चढणारे पाणी अडवते. युरोपात स्प्रूस हा पाइनसारखाच सूचिपर्णी वृक्ष मारणाऱ्या भुंगेऱ्याला जर्मन भाषेत ‘मुद्रक’ म्हणतात. साल सोलली की मधला उभा बोगदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या अळ्यांच्या वाटा एखाद्या छापासारख्या उमटलेल्या दिसतात, त्यावरून हे नाव पडले. २०१८ च्या दुष्काळानंतर जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातील स्प्रूसची जंगले याच किड्याने ओस पाडली. उन्हाळा लांबला आणि तापला की त्याची वर्षात एखादी पिढी अधिक होते, हेही तेथे भोवले.

आता फवारणीविषयी. भुंगेरा जवळजवळ सारे आयुष्य सालीखाली काढतो, तेथे औषध पोहोचत नाही. हल्ल्याआधी खोडावर फवारून एखादे मोलाचे झाड राखता येते, पण डोंगरच्या डोंगर फवारता येत नाहीत. पाने लाल झाल्यावर झाड तोडूनही शेजारच्या झाडांचा बचाव सहसा होत नाही, कारण तोवर किड्यांची नवी पिढी उडून गेलेली असते. म्हणूनच युरोपातील वनकर्मचारी पाने हिरवी असतानाच खोडावरचा बारीक तपकिरी भुसा शोधत फिरतात आणि लागण झालेले झाड भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी जंगलाबाहेर नेतात.

अमेरिकी वनखात्याने २०१७ अखेर दिलेल्या आकड्यानुसार कॅलिफोर्नियात २०१० पासून १२.९ कोटी झाडे मेली होती. माझ्या मते या हानीचे एक मूळ दुष्काळाच्या कितीतरी आधीचे आहे. तेथे शंभर वर्षे प्रत्येक वणवा विझवला गेला, त्यामुळे लहान झाडांची दाटी झाली आणि तेवढ्याच पावसात कितीतरी जास्त मुळे वाटेकरी झाली. विरळणी केली, जेथे योग्य तेथे नियंत्रित आग लावली, तर उरलेल्या झाडांच्या वाट्याला पाणी येते आणि राळही टिकते. हे काम मात्र चांगल्या पावसाच्या वर्षांतच उरकावे लागते, कारण भुंगेऱ्यांची संख्या एकदा अफाट वाढली की ते धडधाकट झाडांनाही आटोपतात.