नाक मोकळं करणाऱ्या स्प्रेची सवय लागली आहे, ती सुटेल का?

सर्दी जाऊन कित्येक महिने झाले, तरी रात्री स्प्रे मारल्याशिवाय नाक उघडत नाही आणि झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे सुटतं. माझ्या धाकट्या भावाचं सुटताना मी जवळून पाहिलंय, म्हणून खात्रीने सांगते.

आधी बाटलीवर औषधाचं नाव बघा. ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन असेल, तर दुखणं हेच. ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे सूज मिनिटांत उतरते. पण रोज मारत राहिलं की रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात आणि असर ओसरला की पुन्हा फुगतात. सुरुवातीला 8-10 तास पुरणारा फवारा मग 2-3 तासही पुरत नाही. थोडक्यात, आता तुमचं नाक स्प्रेच चोंदवतोय. डॉक्टर याला रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात. म्हणूनच हे स्प्रे 3 दिवस, फार तर 5 ते 7 दिवस वापरायचे असतात. मन खंबीर नाही म्हणून हे झालं, असं कृपा करून समजू नका. कुणाच्याही नाकाचं हेच होईल.

भावाने एकदम दोन्हीकडचा स्प्रे सोडला नाही. आधी फक्त उजव्या नाकपुडीत मारणं थांबवलं. डाव्या बाजूने श्वास चालू असल्यामुळे जीव घाबरा होत नाही, हा त्यातला मोठा आधार. उजवी आपोआप मोकळी राहायला लागल्यावर डावीचा स्प्रे बंद केला. जोडीला डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता. तो नाकातली सूज उतरवायला असतो आणि त्याने अशी सवय लागत नाही, पण पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून जुन्या बाटलीकडे वळतात, आणि मला वाटतं सगळं तिथेच फिसकटतं. तो मारायचीही पद्धत आहे: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहतं. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं.

पहिल्या काही रात्री अवघड जातात. आडवं झालं की नाक जास्त चोंदतं, म्हणून उशाकडची बाजू उंच ठेवा. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यानेही बरं वाटतं, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

स्प्रे सुटल्यावरही नाक बंद राहत असेल तर मूळ कारण वेगळं आहे: ॲलर्जी, वाकडा पडदा किंवा पॉलिप (नाकाच्या आत वाढलेला मऊ मांसल गोळा). ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कळणार नाही. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा एकच बाजू सतत बंद असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका, आधी त्यांच्याकडेच जा. जाताना बाटली सोबत न्या आणि किती महिने, दिवसातून किती वेळा मारता ते मोकळेपणाने सांगा. नुसतं 'नाक बंद असतं' एवढंच सांगितलं तर उपचार सर्दीवर होतील आणि स्प्रे तसाच चालू राहील.