फीचं रजिस्टर आधी उघड

प्रिय बेटा,

आपल्या कॅथलिक शाळेत मुख्याध्यापिका म्हणून पहिल्या दिवशी काय करू, असं तू विचारलंस. खुर्चीत बसण्याआधी ऑफिसात जा आणि फीचं रजिस्टर मागव. कुणाकुणाच्या नावापुढे बाकी दिसते ते बघ. मग शाळेतून एक चक्कर मार आणि त्यातली किती मुलं वर्गात आहेत, किती व्हरांड्यात उभी आहेत, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्यानंतर चॅपलमध्ये, शाळेतल्या छोट्या प्रार्थनाघरात, जा.

आपल्या भागात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला लोक कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथे मठ नसतो, सिस्टर नसतात, तरी पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलेलं असतं. त्यामुळे गेटवरचा क्रूस, ऑफिसातली मरियामाउलीची मूर्ती आणि शाळेला दिलेलं संताचं नाव, एवढ्यावर कुणी आपल्याला वेगळं समजणार नाही. कास्तकार माणूस शाळा पारखतो ती आपल्या पोराशी तिथे कसं बोलतात त्यावरून. आणि विनाअनुदानित शाळेत सगळ्यात वाईट बोललं जातं ते फीच्या खिडकीवर.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मुख्याध्यापिका होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. शिक्षकांचे पगार दोन महिने थकले होते आणि मी घाबरले होते. दिवाळीनंतरच्या चाचणीला, फी बाकी असलेल्या मुलांनी वर्गाबाहेर बसावं, अशी सूचना माझ्याच सहीने निघाली. त्या दिवशी राऊंडला निघाले तर पाचवीतली एक मुलगी बाहेरून खिडकीच्या गजाला वही टेकवून फळ्यावरचे प्रश्न उतरवून घेत होती. स्वेटरला कापसाचे धागे चिकटलेले. बोटांच्या टोकांना वाळलेल्या बोंडांचे ओरखडे. रविवारी ती वेचणीला गेली होती. घरात पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता आणि भाव वाढेल या आशेने बाप थांबला होता, हे मला नंतर कळलं. झाडणाऱ्या मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, पैशे बापानं द्याचे, मंग पोरगी काऊन बाह्यर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याच सकाळी परिपाठात आम्ही येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हटली होती. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या प्रार्थनेत शब्द आहे तो ऋणाचा: आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना जसं सोडलं तसं तू आम्हाला सोड. कर्ज हा शब्द आपल्या यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यांत काय वजनाचा आहे, ते तुला सांगायला नको. कर्जापायी बाप गमावलेली मुलं आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्यासमोर ती ओळ रोज म्हणायची आणि तासाभराने फी-बाकीची यादी वर्गात मोठ्याने वाचायची, हे मी केलं आहे. तू करू नकोस.

मग पगार कुठून द्यायचे, हे तू विचारशीलच. विचारायलाच हवं, कारण सगळ्यांची फी माफ करून विनाअनुदानित शाळा चालत नाही. मी हप्ते पिकाच्या हिशेबाने बांधले. शाळा उघडते तेव्हा, जूनच्या शेवटी, कास्तकाराच्या हातातला सगळा पैसा बी-खतात गेलेला असतो. तेव्हा फक्त नावापुरता हप्ता ठेवला. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाचा चुकारा दिवाळीच्या पुढे येऊ लागतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. मोठे हप्ते तिकडे नेले. मजुरी करणाऱ्यांना महिन्याला थोडं थोडं. गावातल्या नोकरदारांना आणि दुकानदारांना मात्र वेळेवर भरायला लावलं आणि त्यात संकोच केला नाही. सवलतीचा निर्णय पालकाशी, दार लावून, बसायला खुर्ची देऊन. यादी बोर्डावर लावली नाही आणि मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवली नाही. वसुली पहिल्या वर्षी थोडी घसरली, पुढे सावरली. माणसं बुडवत नाहीत गं, त्यांना वेळ लागतो.

कायद्याचं एक सांगून ठेवते. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असं ठरवलं, त्यामुळे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचं बंधनही आपल्यावर राहिलं नाही. संस्थेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हे आनंदाने सांगेल. तेव्हा तू विचार, की कायदा सांगत नाही म्हणून येशूही सांगत नाही का? आपल्या शाळेत गोंड आणि कोलाम पाड्यांवरची किती मुलं आहेत, ते मोजून त्यांच्यासमोर ठेव. आणि कलम ३० म्हणजे मनमानीची सनद नव्हे. कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे न्यायालयाने १९५८ सालीच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

पगारावरून आठवलं. एका आकड्यावर सही आणि हातात दुसराच आकडा, ही चाल खाजगी शाळांत किती मुरली आहे ते तू नोकरी करताना पाहिलं आहेस. तुझ्या शाळेत ती असेल तर पहिल्याच वर्षी बंद करायला लाव. पोप लिओ तेरावे यांनी कामगाराच्या न्याय्य मजुरीबद्दल १८९१ साली लिहिलं. पगारपत्रक खोटं असेल तर नीतिशिक्षणाच्या तासाला शिक्षिकेने कोणत्या तोंडाने उभं राहायचं? व्यवस्थापक फादर ऐकत नसतील तर आवाज न चढवता, लेखी दे, पुन्हा दे. पगार कमी ठरवावा लागला तर कमी ठरव, पण जो लिहिलास तो पूर्ण दे.

प्रार्थनेबद्दल तुला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, हे तुझ्या पत्रातून कळलं. आपल्याकडे कॅथलिक मुलं मूठभर. बाकी हिंदू, बौद्ध, आदिवासी, मुसलमान. कलम २८ प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. भारतातल्या बिशपांच्या परिषदेनेही २०२४ साली आपल्या शाळांना हेच सांगितलं, की आपल्या परंपरा इतरांवर लादू नका, आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा. १४ एप्रिलला निळा झेंडा घेऊन निघणाऱ्या घरातलं मूल उद्देशिका वाचताना कसं ताठ उभं राहतं, ते एकदा बघ. सामुदायिक प्रार्थना आपल्या लोकांना परकी नाही, मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ती गावोगाव रुजवली आहे. तेव्हा सगळ्यांना म्हणता येईल अशी प्रार्थना आणि मग दोन मिनिटं शांतता, एवढं सगळ्यांसाठी ठेव. आपल्या मुलांचं धर्मशिक्षण वेगळ्या तासाला, आणि ते मन लावून. क्रूस झाकू नकोस. नाताळचा गोठा मांड, कुणी विचारलं तर आनंदाने सांग. पण तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून आणतात, तेव्हा त्यांच्यातही मिसळ.

आणि मराठी बोललं म्हणून दंड, हा प्रकार बंद. दहा रुपये दंड, गळ्यात पाटी, असलं काही जुनं चालत आलं असेल तर त्याच दिवशी थांबव. मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांना सक्तीचं आहेच, पण माझं म्हणणं वेगळं आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, लोकभाषेची वाट मोकळी केली. वेदीवर जी भाषा चालते ती मैदानात गुन्हा कशी? इंग्रजी उत्तम शिकव, त्यासाठीच पालक पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पण पोरगं घरून वऱ्हाडी घेऊन येतं, त्याची त्याला लाज वाटू लागली तर ते आपल्या आजीशी बोलायचं सोडतं. मी अशी मुलं पाहिली आहेत.

मारणं नाही, कुणाकडूनच नाही. आणि एखाद्या मुलाने कुणाविरुद्ध अंगाला हात लावल्याची तक्रार केली, तर संस्थेचं नाव, फादरांचा मान, गावातली चर्चा, काही मध्ये येऊ देऊ नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी आपसात चौकशी करू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, मग तो कितीही मोठा असो.

सकाळी गेटवर उभी राहा. पहिले सहा महिने तरी रोज. ऑटोतून उतरणाऱ्या मुलांची नावं पाठ कर, मावशींचं आणि चौकीदाराचंही. नावाने हाक मारलेलं मूल मागे वळून बघतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून घरी काय चाललं आहे ते बरंचसं कळतं.

ती खिडकीतली मुलगी पुढे दहावी आपल्याच शाळेतून झाली. तिच्या बापाने जानेवारीत कापूस विकला आणि बाकी भरायला स्वतः आला. मी त्याची माफी मागितली. तो खाली बघत राहिला, मग म्हणाला, "जाऊ द्या, बाई." पावतीवर सही करताना माझा हात थरथरत होता.

रजिस्टर बघून झालं की फोन कर. रात्री आठनंतर मी मोकळी असते.

तुझी
मॅडम