पणजोबांचं वेब्ली आणि डब्यातली १२ काडतुसं

तुमचा प्रश्न: दादरच्या घराचा माळा आवरताना पणजोबांचं .४५५चं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर आणि पत्र्याच्या डब्यात १२ काडतुसं मिळाली. ते मधोमध मोडल्यासारखं उघडतं, म्हणजे बिघडलंय का? आणि ही काडतुसं चालतील का?

उघडणं हा बिघाड नाही, घडणच तशी आहे. १९१५ सालचं हे मॉडेल. डावीकडचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि सिलिंडरमधली चांदणी (चांदणीच्या आकाराचा ढकलणारा भाग) वर येऊन सहाही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, एकदम बाहेर फेकते. फोर्टातल्या एका परवानाधारक दुकानात मी १९ वर्षं मिस्त्रीकाम केलं. या रिव्हॉल्व्हरचं दुखणं बहुतेक वेळा बिजागरीत आणि खटक्यात निघायचं. खटका पक्का बसूनही नळी किडक्या दातासारखी डुगडुगली, की मी ते टेबलावरूनच परत करायचो.

नळी आतून खडबडीत दिसत असेल तर तो पणजोबांच्या काळातल्या काडतुसांचा प्रताप. त्यांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, क्लोरेट हे रसायन असायचं. बार झाला की नळीत त्याचं मीठ उरतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. आपल्या जुलैत तर विचारूच नका. तेलाने हे मीठ जात नाही, म्हणून जुने लोक आधी नळीतून उकळतं पाणी सोडायचे, मग तेल.

काडतुसं अजिबात चालवू नका. बुडावर ‘के.एफ.’ असेल तर ती खडकीची, पण कारखान्याचं नाव दारूला तरुण ठेवत नाही. टोपीभोवती हिरवट चढलेलं काडतूस कधी नुसतं ‘टक्’ करून गप्प बसतं आणि क्षणभराने उडतं. तोवर माणूस रिव्हॉल्व्हर उघडून आत बघत असतो. अमेरिकेत अशा बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर मागून घासून त्यांत .४५ची बिनकडेची (बुडाला बाहेर आलेली कड नसलेली) काडतुसं बसवली गेली. बसतात व्यवस्थित, पण त्यांचा दाब या हत्याराला झेपणारा नाही.

नवी काडतुसं शोधण्यातही अर्थ नाही. .४५५ आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं नळीचं माप; दुकानात सहसा .३२ मिळतं. ‘पुराणवस्तू आहे’ म्हणूनही सुटका नाही. ती सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे, आणि तुमचं चालण्यासारखं दिसतंय. परवाना पणजोबांबरोबरच गेला असणार. तेव्हा रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून लोकल पकडू नका. आधी पोलीस ठाण्यात फोन करा, ते सांगतील तसं जमा करा आणि पावतीवर काडतुसांचा आकडाही लिहून घ्या.