बाबूला सांगायचं की नाही?

"मॅडम, आत्ता सांगितलं तर तो आठ दिवस घर डोक्यावर घेईल. म्हापशाला खेळणं आणायला जाऊया म्हणून नेलं तर?"

साखळीहून आलेल्या त्या आईचा मुलगा पाच वर्षांचा. घरी त्याला बाबू म्हणतात. गोव्यात दर दुसऱ्या घरात एक बाबू असतो, त्यामुळे तेवढं नाव राहू द्यायला हरकत नाही. त्याला जांघेतला हर्निया होता. तो आपोआप बरा होत नाही, म्हणून ऑपरेशन ठरलेलं. आईला धास्ती होती ती भुलेची.

ऑपरेशनआधी मुलांची मनाची तयारी करून घेणं हे माझं काम. मी एवढंच विचारलं, "याआधी कधी असं फसवून नेलंय?" नेलं होतं. हनुवटीला टाके घालायचे होते तेव्हा आइस्क्रीमचं नाव सांगून. तेव्हापासून बाबू गाडीत बसण्याआधी विचारतो, "खरंच थंयच जायचं?" उत्तर तिचं तिलाच मिळालं.

पण नुसतं खरं सांगून भागत नाही, कोणत्या शब्दांत सांगतो तेही पाहावं लागतं. दुसऱ्या दिवशी बाबू, त्याचे बाबा आणि आजी असे सगळेच आले. आजीने धीर दिला होता, "काही कळणार नाही रे, मेल्यासारखी झोप लागेल." बाबा म्हणाले होते, "तोंडावर मास्क लावतील, झालं." दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. मी कागद पुढे केला तर बाबूने दात विचकलेला नरकासुर काढला आणि हळूच विचारलं, "मास्क लावल्यावर जाळतात ना?"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दिवाळीत जाळायचा वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा करायला तेच रात्रभर जागले होते, आणि पहाटे तो जळताना बाबू त्यांच्याच खांद्यावर बसून पाहत होता. मास्क म्हणजे मुखवटा, आणि मुखवटा घातला की जाळतात. पाच वर्षांच्या डोक्याला याहून सरळ हिशेब कुठला?

भूल देताना वापरतात तसा एक पारदर्शक मास्क माझ्या खणात असतो. तो काढला. बाबूने आधी लांबूनच बोट लावलं, मग वास घेतला, मग तो अस्वलाच्या तोंडावर ठेवला. पुढे माझी पाळी आली, शेवटी आजीची. मास्कला जोडलेली पिशवी श्वासाबरोबर फुग्यासारखी फुगते हे सांगितल्यावर त्याला फुगा किती मोठा होतो याचीच पडली. झोपेबद्दल म्हटलं, "ही रात्रीची झोप नव्हे, औषधाची. डॉक्टर पूर्ण वेळ शेजारीच असतात, काम संपलं की औषध थांबवतात, मग तू जागा होतोस. थोडं दुखेल, त्यालाही औषध आहे." दुखणारच नाही, असं मी कधीच सांगत नाही.

आजीशी वेगळं बोलावं लागलं, कारण उपाशी नातवाला गुपचूप बिस्कीट देणार ती आजीच. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून साधारणपणे दूध-खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तीच. "एकादशीसारखं कडक," आजी म्हणाली. त्यानंतर मला काळजी उरली नाही.

मुलासोबत आत कोण जाणार हा प्रश्न नाजूक. सगळीकडे पालकांना आत सोडतातच असं नाही. सोडत असले तरी जो शांत राहू शकतो त्यानेच जावं. थरथरत्या हाताचा मुलाला आधार होत नाही, उलट भीतीच जास्त पोचते. आईला हे लागलं. थोडी रडली, मग स्वतःच म्हणाली, "ह्यांनाच जाऊदे."

एवढं करूनही त्या सकाळी बाबू दारातच अडून बसला. भूलतज्ज्ञांनी मिडाझोलम हे भुलेआधी मुलाला शांत करणारं औषध पाजलं. कडवट असतं, त्याने निम्मं थुंकलंच. पण वीस-पंचवीस मिनिटांत तो सैलावला आणि बाबांच्या कडेवरून आत गेला. औषध द्यावं लागलं म्हणून आईला वाटलं आपली सगळी तयारी फुकट गेली. तसं मुळीच नाही. काही मुलांना ते लागतंच, आणि ओढत नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जाग येताना मूल रडतं, हातपाय झाडतं, कधी आईलाही ओळखत नाही. बहुतेकदा थोड्या वेळात ते निवळतं. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आई घाबरली नाही. पुढचे काही दिवस अंथरूण ओलं झालं, तेव्हाही कोणी ओरडलं नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. बाबूने रात्री अंथरुणात बाबांना विचारलं होतं, "आत तू माझा हात सोडलास?"

"सोडला. तुला झोप लागल्यावर. मग डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं."

"बरं," म्हणून तो कुशीवर वळला.