गावी सगळ्यांना माहीत असलेला माझा फिलिपिनो गे रूममेट अमेरिकेत येऊन इतका का खचलाय?

घरच्यांनी कधी त्रास दिला नाही, मग मोकळ्या देशात येऊन हे काय, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीत फिलिपिनो नर्सेसबरोबर काम करते. मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण या मंडळींची सुखदुःखं रोज कानावर पडतात.

'फिलिपिन्स कर्मठ, अमेरिका मोकळी' हे अर्धंच खरं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१३च्या पाहणीत तिथल्या ७३ टक्के लोकांचं म्हणणं होतं, समलैंगिकांना समाजाने स्वीकारावं. पार्लर चालवणारा, फिएस्टातली, म्हणजे गावजत्रेतली सौंदर्यस्पर्धा गाजवणारा 'बाक्ला' (बायकी वळणाचा गे पुरुष) गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. पण समलिंगी लग्नाला मान्यता नाही, आणि भेदभावविरोधी विधेयक २००० सालापासून लटकलेलं. जागा आहे, हक्क नाही. ती जागाही पुष्कळदा कमाईवर टिकते. भावंडांची फी, आईची औषधं भागवणारा मुलगा कसाही चालतो!

त्याच्या खोलीत कोपऱ्यात एखादं मोठं खोकं आहे का बघा. बालिकबायन बॉक्स. स्पॅम या डबाबंद मांसाचे डबे, साबण, टॉवेल, चॉकलेटं सवडीने साठवायची, भरलं की टेपने घट्ट गुंडाळून बोटीने घरी रवाना. 'मला जमत नाहीये' असं तो म्हणाला, तर ते खोकं कोण भरणार? शिवाय घरच्यांच्या उपकारांचं ओझं आणि 'हिया', म्हणजे आपल्या 'लोक काय म्हणतील'ची सख्खी बहीण. तोंड उघडणार कसं?

इथे गे बारमध्ये तो आधी आशियाई ठरतो, नि चर्चमधल्या मावश्या मुली सुचवतात. दोन्हीकडे निम्माच. अमेरिकन जोडीदाराशी लग्न केलं तर अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या निकालापासून ग्रीन कार्डचा मार्ग खुला आहे, पण मनिलात त्या लग्नाला किंमत शून्य.

माझं मत विचाराल तर 'थेरपी'चा विषय आत्ता काढूच नका. झोप लागते का, जेवतोस का, नाइट ड्युट्या किती, इथून सुरुवात करा. ही माणसं मनाचं दुखणं बरेचदा अंगदुखीच्या नावाने सांगतात. डिसेंबरात सिंबांग गाबीच्या, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ मिसा (चर्चमधल्या प्रार्थना) असतात; त्याला जायचं असेल तर सोबत जा. पुढे समुपदेशक शोधाल तेव्हा फिलिपिनोच हवा असं परस्पर ठरवू नका. समाज छोटा, बातमी फुटायची धास्ती असते. त्यालाच विचारा. मात्र 'जगून काय उपयोग' अशी भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चोवीस तास चालू असतो.