सिलिकॉन ग्राफाइटच्या दहापट लिथियम धरतं, मग सिलिकॉन-कार्बन बॅटरी दहापट का चालत नाही? आणि ती फुगते का?

तुमच्या प्रश्नाखालच्या तपशिलात तीन गोष्टी आहेत: दुकानदाराने ‘सिलिकॉन-कार्बन आहे, दोन दिवस चालेल’ म्हणून फोन गळ्यात मारायचा प्रयत्न केला, कुठल्याशा व्हिडिओत ‘सिलिकॉन फुगतं’ असं ऐकलं, आणि दहापटीचा आकडा वाचून ५००० एमएएचचे फार तर ६०००-७०००च का झाले, हे कोडं पडलं. मी बॅटरीच्या अ‍ॅनोडचे पदार्थ तपासायचं काम करतो. अ‍ॅनोड म्हणजे बॅटरीची ऋण बाजू, चार्ज करताना लिथियम जिथे साठतो ती; नेहमीच्या बॅटरीत तिथे ग्राफाइट असतं, सिलिकॉन-कार्बनवालीत त्यात सिलिकॉनही मिसळलेलं असतं. तांब्याच्या पत्र्यावर काळा लेप ओढायचा, आर्गॉनच्या पेटीत बटणाएवढे सेल बांधायचे आणि ते महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करत बसायचं. त्या अनुभवावरून सांगतो.

दहापटीचा आकडा खरा आहे. ग्राफाइटमध्ये सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो, म्हणून ग्रॅममागे कमाल ३७२ एमएएच मिळतात. सिलिकॉनचा एकच अणू पावणेचार लिथियम घेतो, त्याचे ग्रॅममागे सुमारे ३६०० होतात. पण हा हिशोब एकट्या अ‍ॅनोडचा झाला. समोर बसलेली धन बाजू, म्हणजे कॅथोड (लिथियम जिथून येतो तो लिथियम कोबाल्ट ऑक्साइड किंवा निकेलवाले प्रकार), ग्रॅममागे १८०-२००च्या आसपासच अडलेला आहे.

आता कागदावर मांडा. कॅथोडचे १८० धरले तर एका एमएएचसाठी साडेपाच मिलिग्रॅम कॅथोड लागतो. व्यवहारात ३५० देणारं ग्राफाइट धरलं तर जवळजवळ तीन मिलिग्रॅम अ‍ॅनोड. दोन्ही मिळून साडेआठच्या जरा खाली. अ‍ॅनोड दुप्पट क्षमतेचा केला तर बेरीज सातवर येते, म्हणजे तेवढ्याच वजनात सुमारे वीस टक्के जास्त वीज. आणि अ‍ॅनोडचं वजन चक्क शून्य केलं तरी कॅथोडचे साडेपाच कुठे जात नाहीत. जास्तीत जास्त दीडपट, तेही तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा विभाजक, इलेक्ट्रोलाइट (ज्यातून लिथियम ये-जा करतो तो द्रव) आणि वेष्टन न धरता. कॅथोड न बदलता याहून मोठी उडी कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

मग निदान ते वीस-तीस टक्के तरी इतकी वर्षं का मिळाले नाहीत? १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि सिलिकॉनची क्षमता संशोधकांना तेव्हापासून खुणावते आहे. अडचण फुगण्याचीच. ग्राफाइट लिथियम घेताना साधारण दहा टक्के फुगतं. सिलिकॉन मूळ आकारमानाच्या जवळजवळ चौपट होतं आणि लिथियम निघून गेला की परत आक्रसतं. मोठे कण तडकतात. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण मात्र तडकत नाहीत, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. २००८ साली स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून दाखवल्या, त्या याच कारणाने गाजल्या.

पण तडकणं सोपं वाटावं असं दुसरं एक दुखणं आहे. अ‍ॅनोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन एक पातळ थर बसतो. तो हवाच असतो, कारण तो पुढचं विघटन थांबवतो. ग्राफाइटवर हा थर पहिल्या काही चार्जिंगमध्ये बसतो आणि टिकतो. सिलिकॉन दर वेळी फुगून आक्रसतं, थर फाटतो, उघड्या जागेवर नवा बसतो, आणि प्रत्येक नव्या थरात थोडा लिथियम कायमचा अडकतो. नॅनो आकाराने इथे उलट तोटाच होतो, कारण कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त.

हा तोटा किती छोटा असायला हवा ते पाहा. समजा दर चक्रात, म्हणजे एका पूर्ण चार्ज-डिस्चार्जमध्ये, ९९.९ टक्के लिथियम परत आला. ऐकायला झकास. पण ०.९९९चा ८००वा घात केला की उरतात ४५ टक्के. ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता हवी असेल तर दर चक्राला ९९.९७ टक्के परत यावे लागतात. ही ८०० आणि ८०ची अट मी मनाने काढलेली नाही; जून २०२५पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना ती लागू आहे. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला आणि ‘सर, ९९.५ आलंय’ म्हणून खूश झाला की मी त्याला हाच घात काढायला लावतो.

आता नावातल्या ‘कार्बन’कडे येऊ. बहुतेकांना वाटतं की सिलिकॉनची भुकटी ग्राफाइटमध्ये कालवली की झालं. तसंही करतात, पण हल्लीच्या चांगल्या मालाची गंमत वेगळी आहे. आधी स्पंजासारखा सच्छिद्र कार्बन घेतात, ज्याची छिद्रं काही नॅनोमीटरची असतात. तो तापवून त्यावरून सिलेन, म्हणजे सिलिकॉन आणि हायड्रोजनचा वायू, सोडतात. सिलेन छिद्रांच्या आत विघटित होतो आणि सिलिकॉन तिथेच बसतं, तेही स्फटिकरूपात न बसता अस्ताव्यस्त रचनेत. छिद्र पूर्ण भरू द्यायचं नाही, हा यातला खरा मुद्दा. मटकी भिजत घालताना डबा गच्च भरत नाही, तसं. मग वरून कार्बनचा पातळ थर देऊन तोंडं बंद करतात, म्हणजे इलेक्ट्रोलाइट आत शिरत नाही. सिलिकॉन आतल्या रिकाम्या जागेत फुगतं, बाहेरचा कण जवळजवळ तेवढाच राहतो आणि बाहेरचा थर फाटत नाही. कार्बन वीजही वाहून नेतो; सिलिकॉन स्वतः त्या बाबतीत फारच मठ्ठ आहे.

थोडक्यात, इथे कार्बनकडून रिकामी जागा विकत घ्यायची असते. ती जागा फुकट नसते. फोनमध्ये वजनापेक्षा आकारमान महत्त्वाचं, आणि राखून ठेवलेली पोकळी आकारमान खाते. दहापटीतला आणखी एक मोठा लचका इथे जातो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या ग्लेब युशिन यांच्या गटाने २०१०मध्ये कार्बनच्या सांगाड्यावर असं वायूतून सिलिकॉन बसवून दाखवलं होतं. युशिन पुढे सिला नॅनोटेक्नॉलॉजीज या कंपनीचे सहसंस्थापक झाले. असा माल बनवणारी दुसरी मोठी कंपनी म्हणजे ग्रुप१४. दोघींनी वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक या छोट्या गावी कारखाने उभारायला घेतले. गाव निवडण्यामागे कारण आहे: सिलेन बनवणारा आरईसी सिलिकॉनचा कारखाना तिथे आधीपासून होता. सिलेन हवेशी संपर्क आला की आपोआप पेट घेतो, तो लांबून वाहून आणण्याची हौस कुणाला नसते. सच्छिद्र कार्बनचं मात्र तसं नाही, तो रेझिनपासून होतो, नारळाच्या करवंटीपासून होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर २०१३ साली वाळक्या पानांपासून तो करून सुपरकपॅसिटर (वीज झटपट साठवणारी आणि सोडणारी साधनं) बनवले होते. ते काम वेगळं, पण कार्बन स्वस्तात मिळवण्याचं डोकं तेच.

फोनमध्ये ही बॅटरी पहिल्यांदा आली ती २०२३मध्ये, ऑनरच्या मॅजिक५ प्रोच्या चिनी आवृत्तीत: ५४५० एमएएच. जगभर विकलेल्या आवृत्तीत साधी ५१००ची होती. तेव्हापासून अ‍ॅनोडमध्ये सिलिकॉनचा वाटा कंपन्या साधारण ५ ते १५ टक्के सांगतात, बाकी ग्राफाइटच. म्हणून खोक्यावर ‘सिलिकॉन-कार्बन’ वाचून हुरळू नका, एमएएच वाचा, आणि तेही भारतातल्या आवृत्तीचे. रिअलमी जीटी ७ प्रो चीनमध्ये ६५००चा आणि आपल्याकडे ५८००चा होता. पोको एफ७च्या वेळी उलटं झालं, आपल्याला ७५५० मिळाले आणि बाहेर ६५००.

फुगण्याबद्दल. अ‍ॅनोडचे कण फुगतात ते काही मायक्रॉनचं प्रकरण आहे, आणि त्याची जागा बनवतानाच सोडलेली असते. फोनची पाठ उचलली जाते ती इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन तयार झालेल्या वायूमुळे, आणि ते साध्या ग्राफाइटच्या बॅटरीतही होतं. उष्णता हे त्याचं मोठं कारण. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन कुठल्याही रसायनाचा असो, लवकर म्हातारा होतो.

घ्यावा का? घ्या. फोन जाड न होता जास्त वेळ चालतो हा फायदा खरा आहे. फक्त किती चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरेल हा आकडा कंपनीने दिलाय का बघा. काही कंपन्या देतात, काही जाहिरातीत ‘चार वर्षं’ एवढंच म्हणून सुटतात. चार वर्षं रोज किती वेळा चार्ज करून, हे त्यांनाच ठाऊक.

आणि वापरताना एक गोष्ट. ग्राफाइट-सिलिकॉन मिश्रणात डिस्चार्ज होताना आधी बहुतेक ग्राफाइट रिकामं होतं, सिलिकॉनची पाळी शेवटी येते. त्यामुळे सिलिकॉनची सगळ्यात जास्त ओढाताण तळाच्या टप्प्यात होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने एलजीचा एम५० हा सिलिकॉन मिसळलेला सेल ० ते ३० टक्के या पट्ट्यातच फिरवून पाहिला, तेव्हा त्यातलं कामाचं सिलिकॉन झपाट्याने घटलं. फोनमधली नवी संमिश्रं त्याहून टिकाऊ असावीत, पण मी तरी माझा फोन शून्यावर जाऊ देत नाही. वीसच्या आसपास आला की लावतो. ‘एकदा पूर्ण उतरू द्या, मग बॅटरी चांगली राहते’ हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला दुकानदाराने दिलाच, तर हो म्हणा आणि घरी येऊन विसरा.